वाड्या, काड्या आणि नकाशा

मावळ तालुका इंटरनेटच्या बाबतीत मागास आहे, असं कागदावर कुणालाच दाखवता येणार नाही. मुंबई-पुणे लोहमार्ग, जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग तिन्ही याच तालुक्यातून जातात आणि त्यांच्या कडेकडेने दोन महानगरांना जोडणारी फायबरही. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव हा सगळा त्या पट्ट्यातला भाग. पण कामशेतहून पवनानगरकडे, म्हणजे जुन्या माणसांच्या काळे कॉलनीकडे वळून तिकोणा पेठेचा रस्ता धरला, की दर वळणाला फोनवरच्या काड्या बदलू लागतात. एका उतारावर चार, पुढच्या खिंडीत एकही नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ या तिन्ही खोऱ्यांची ठेवण सारखीच. मध्ये नदी आणि तिच्यावरचं धरण, दोन्ही अंगांना डोंगराची रांग आणि रांगेच्या सोंडांमधल्या घळींत विखुरलेल्या वाड्या. इथे ब्रॉडबँड पोचलं आहे का, याचं उत्तर देणारे नकाशे आज एक सोडून चार आहेत. प्रत्येक आपापल्या व्याख्येनुसार खराच आहे. तरीही तिकोण्याच्या पायथ्याला ज्याला घरगुती मुक्कामाची सोय चालवायची आहे, किंवा ज्या पोरीला संध्याकाळी क्लासचा व्हिडिओ पाहायचा आहे, तिला त्यातला एकही नकाशा सांगत नाही, की तुझ्या घरात नेट येईल का. हा गोंधळ कुठून आला आणि त्यात बिनतारी सेवा देणाऱ्या छोट्या कंपन्यांची जागा कोणती, ते एकदा सलग पाहायला हवं.

सुरुवात व्याख्येपासून. 2004 च्या ब्रॉडबँड धोरणात सेकंदाला 256 किलोबिट वेग मिळाला की ते ब्रॉडबँड होतं. 2013 मध्ये ते 512 झालं आणि जानेवारी 2023 मध्ये 2 मेगाबिट. एकही खांब न हलवता नकाशावरचा रंग दोनदा बदलला. आजच्या 2 मेगाबिटमध्येही एक साधा व्हिडिओ कॉल जेमतेम निभावतो, घरात दुसऱ्याने फोन उघडला की तोही अडखळतो. तेव्हा ‘ब्रॉडबँड आहे’ या शेऱ्याने फार हुरळून जायचं कारण नाही.

त्याहून मोठी अडचण गाव म्हणजे काय याची आहे. सरकारी मोजणीत एकक असतं महसुली गाव किंवा ग्रामपंचायत. मावळातलं महसुली गाव म्हणजे एक गावठाण आणि त्याला जोडलेल्या चार-पाच वाड्या, ठाकरवाडी, कातकरी वस्ती, एखादा धनगरवाडा. यातली काही डोंगराच्या पोटात, तर काही धरणाच्या पाण्याने मूळ जागेवरून उठवून वर सरकवलेली. गावठाणातल्या चावडीवर सिग्नल मिळाला की यादीत गाव ‘आच्छादित’ होतं आणि वाड्या त्याच टिंबात विरघळून जातात. डोंगरी मुलखाच्या बहुतेक नकाशांतली चूक इथेच दडलेली असते, आणि ती कुणी मुद्दाम केलेली नसते, हे तिचं आणखी अवघडपण.

फायबरचा नकाशाही याच हिशेबावर उभा आहे. ऑक्टोबर 2011 मध्ये केंद्राने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली, पुढे त्याचंच नाव भारतनेट झालं. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना 100 मेगाबिटची जोडणी हे उद्दिष्ट. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं बरंचसं काम राज्याने महानेट या नावाने स्वतःकडे घेतलं. योजना वाईट नव्हती. पण पहिल्या आराखड्यात तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत फायबर माळेसारखी ओवलेली होती. मध्ये कुठे रस्त्याच्या कामात जेसीबीचा फाळ लागला की पुढची सगळी गावं बंद. ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये, 1,39,579 कोटी रुपयांच्या त्या मोठ्या आराखड्यात, माळेऐवजी कडं करायचं ठरलं, म्हणजे एका बाजूने तुटलं तरी दुसऱ्या बाजूने चालू राहील. शहाणपण बारा वर्षांनी आलं, पण आलं. मात्र फायबरचं टोक ग्रामपंचायतीच्या कपाटातल्या पेटीपर्यंत येतं. पुढे वाडीपर्यंत कोण नेणार, हा प्रश्न पेटीजवळच थांबतो. ‘सेवेसाठी सज्ज’ आणि ‘वापरात’ या दोन रकान्यांत किती अंतर असतं, ते कुठल्याही ग्रामसेवकाला विचारावं.

मोबाईलच्या नकाशांचं तसं नाही, ते निदान लोकांना पाहता येतात. दूरसंचार नियामक ट्रायने ऑगस्ट 2024 मध्ये सेवेच्या गुणवत्तेचे नवे नियम काढले आणि कंपन्यांना आपापल्या 2जी, 3जी, 4जी, 5जी आच्छादनाचे नकाशे संकेतस्थळावर टाकायला लावले. 2025 पासून कुणीही आपलं गाव शोधून रंग पाहू शकतो. ही मोठी गोष्ट आहे. तोवर ‘तुमच्याकडे रेंज आहे’ असं ग्राहक सेवेच्या माणसाने म्हटलं की वाद संपत असे. पण असे नकाशे मुळात गणितावर उभे असतात. टॉवरची जागा, उंची, ताकद आणि जमिनीचा चढउतार घालून संगणक अंदाज बांधतो. 1960 च्या दशकात अमेरिकेत रचलेलं लाँगली-राइस हे गणित आजही या कामाला वापरलं जातं आणि जमिनीची उंची बहुधा 2000 साली अवकाशयानातून केलेल्या रडार मोजणीतून घेतलेली असते. त्यात एक चौकट 30 मीटरची. तेवढ्यात मावळातली एक घळ, तिच्यातलं आंब्याचं झाड आणि झाडाखालचं पत्र्याचं घर आरामात मावतं. सिग्नल मोजतात डीबीएममध्ये. आकडा उणे असतो, आणि तो दर 3 डेसिबलने घसरला की ताकद निम्मी होते. घराबाहेर अंगणात उणे 105 असेल तर पत्र्याच्या आत तो उणे 115 च्या पुढे जाऊन फोन मुका होऊ शकतो. नकाशात अंगण हिरवं असतं. माणूस घरात असतो.

लोकांनी स्वतः केलेल्या वेगचाचण्यांचे नकाशेही आहेत. ऊकला कंपनी 2020 पासून आपल्या चाचण्यांचे आकडे सुमारे 600 मीटरच्या चौकटींत मोडून खुले करते. त्यांचा दोष उलटा. जिथे नेट लागतच नाही, तिथे चाचणी होणार कशी? नकाशावर त्या वाडीची चौकट लाल नसते, रिकामी असते. आणि रिकाम्या चौकटीकडे पाहून अधिकारी समजतो की तिथे माणसंच नाहीत.

आता तिकोण्याच्या पायथ्याला जरा थांबू, कारण रेडिओलहरींचं वागणं इथे उघड्यावर मांडल्यासारखं दिसतं. गड साधारण साडेतीन हजार फुटांचा. समोर पवना जलाशय, पलीकडे तुंग, उत्तरेला लोहगड-विसापूरची जोडी. गडमाथ्यावर गेलेल्या ट्रेकरला फोनवर काड्या भरपूर दिसतात, पण पान उघडत नाही. कारण एवढ्या उंचीवरून दूरदूरचे टॉवर एकाच वेळी ऐकू येतात आणि त्यांच्या गोंगाटात फोन कुणाशीच धड बोलू शकत नाही. खाली पेठेत याच्या उलट. टॉवर हवेतल्या अंतराने जवळ असला तरी मध्ये डोंगराची सोंड आली की सावली पडते. त्या सावलीच्या कडेवर उभ्या असलेल्या दोन घरांत एकाकडे नेट आणि दुसऱ्याकडे नाही, हे सहज घडतं. शेजाऱ्यांत त्यावरून होणारे गैरसमज हा वेगळाच विषय.

बिनतारी सेवादाराचं सगळं कौशल्य ही सावली चुकवण्यात आहे. तो फायबरच्या टोकाजवळ एक खांब किंवा मनोरा उभारतो, त्यावर रेडिओ बसवतो आणि घरांच्या छपरावर ताटाएवढी चपटी अँटेना लावतो. दोन्हींना एकमेकांचं तोंड दिसलं पाहिजे. नुसतं दिसूनही भागत नाही. 5.8 गिगाहर्ट्झवर 5 किलोमीटरच्या जोडणीत, मधोमध, त्या सरळ रेषेभोवती साधारण 8 मीटर त्रिज्येची मोकळी जागा लागते, निदान तिच्यातला अर्ध्याहून जास्त भाग तरी. म्हणून उन्हाळ्यात झकास चाललेली जोडणी जुलैत बसते. लोक म्हणतात, पावसाने नेट गेलं. पण या लहरींना पावसाच्या थेंबांचं फारसं वाकडं नसतं. भिजलेल्या पानांचं असतं. आठवड्याभरात वाढलेली, पाण्याने निथळणारी फांदी त्या 8 मीटरांत शिरते आणि सिग्नल पिऊन टाकते. बाकीचं काम वीज करते, म्हणजे महावितरणची गेलेली आणि आकाशातून आलेली, दोन्ही. 70-80 गिगाहर्ट्झच्या अतिवेगवान जोडण्या मात्र खऱ्या पावसाने कोलमडतात, म्हणून शहरात शोभणारी ती यंत्रं मावळात आणताना दहादा विचार करावा.

जलाशयावरून जोडणी न्यायची तर आणखी एक त्रास. सपाट पाण्यावरून लहर परावर्तित होते आणि सरळ आलेल्या लहरीला कधी मारते, कधी साथ देते. पवनेचं पाणी ऑगस्टअखेर काठोकाठ आणि मे महिन्यात तळाशी. म्हणजे परावर्तनाची जागा वर्षभर सरकत राहते. एकदा बसवलेली अँटेना दर हंगामात पुन्हा तपासावी लागते. हे सगळं कुठल्याही नकाशात नसतं, गावातल्या जोडणी करणाऱ्या पोराच्या डोक्यात असतं. आणि तो पोरगा चाकणच्या कंपनीत लागला की ते ज्ञानही त्याच्याबरोबर बसने निघून जातं.

महाराष्ट्राने या दिशेने काही केलंच नाही असं नाही. 1998 मध्ये वारणेच्या सहकारी पट्ट्यात, कोल्हापूर-सांगलीच्या 70 गावांत संगणक केंद्रं जोडायचा प्रयोग झाला, देशभर गाजला. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांना तिथे आढळलं, की उसाच्या नोंदी पाहण्याचं काम स्वस्त मोबाईलवरच्या एसएमएसने तितकंच होतं. संगणक बाजूला ठेवून त्यांनी काही गावांत तसं करूनही दाखवलं. आयआयटी मुंबईत प्रा. अभय करंदीकर यांच्या गटाने पालघर जिल्ह्यात खामलोळी आणि आसपासच्या गावांत वेगळी वाट चोखाळली. दूरदर्शनच्या वापराविना पडून असलेल्या 470 ते 590 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून इंटरनेट न्यायचं. या लहरी लांब, झाडीतून आणि उंचवट्याला वळसा घालून जाणाऱ्या. मावळासाठी याहून योग्य काय असणार! त्यांच्या ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पाला 2017 मध्ये मोझिला संस्थेच्या स्पर्धेत पहिला क्रमांक मिळाला. पण तो पट्टा छोट्या सेवादारांसाठी परवानामुक्त झाला नाही. प्रयोगाचं कौतुक झालं, धोरण हललं नाही.

मेळघाटातल्या हरिसालची गोष्ट सर्वांच्या लक्षात आहे. 2016 मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्टने मिळून ते देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून पुढे आणलं. 2019 च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे यांनी ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत हरिसालची दुसरी बाजू सभेत दाखवली, भाजपने प्रत्युत्तरादाखल आपले व्हिडिओ दाखवले. राजकारण बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरते. गावात नेट आहे की नाही, हा वाद व्हिडिओ विरुद्ध व्हिडिओ असा लढला गेला, कारण दोन्ही पक्षांनी मान्य करावी अशी घरनिहाय मोजणी कुणाकडेच नव्हती.

छोट्या बिनतारी सेवादारांना या देशात जागा मिळाली ती 2005 च्या सुमारास, 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाल्यावर. धर्मशाळेत एअरजल्दी या सेवादाराने त्याच जोरावर हिमालयातली गावं जोडली. ऑक्टोबर 2018 मध्ये 5 गिगाहर्ट्झमधला 605 मेगाहर्ट्झचा ऐसपैस पट्टा मोकळा झाला. इथे एक योगायोग सांगायचा मोह आवरत नाही. इंटरनेटवर तिकोणा शोधलं तर गडाबरोबर तिकोना नावाची कंपनीही समोर येते. 2009 च्या आसपास तिने मुंबईपासून सुरुवात करून गच्च्यांवर रेडिओ बसवत बिनतारी ब्रॉडबँड विकलं. 2017 मध्ये तिचा 4जी व्यवसाय स्पेक्ट्रमसह एअरटेलने सुमारे 1,600 कोटींना घेतला. कंपनीचा धंदा शहरांतल्या इमारतींचा. एका गच्चीवर चाळीस ग्राहक मिळतात. ठाकरवाडीत चाळीस घरं मिळाली तरी महिन्याचे पैसे भरू शकणारी किती, हा हिशेब कुठल्याही कंपनीला करावाच लागतो.

तिकोणा पेठेच्या भागात हा हिशेब थोडा वेगळा पडू शकतो, आणि मला वाटतं इथेच खरी संधी आहे. पवनेच्या काठावर तंबूंचे मुक्काम, घरगुती निवास, शेतघरं वाढली आहेत. शनिवारी रात्री आलेल्या पाहुण्याला यूपीआयने पैसे द्यायचे असतात आणि चांदण्याचे फोटोही लगेच पाठवायचे असतात. हा ग्राहक पैसे देतो. त्याच्या जिवावर उभारलेल्या खांबावरून वाडीतल्या घराला स्वस्तात जोडणी देता येते. मात्र शनिवारच्या गर्दीत वाडीचा वेग कापला जाऊ नये, ही अट ग्रामपंचायतीने जागा देतानाच घालायला हवी. नंतर कोण ऐकतं? डिसेंबर 2020 मध्ये आलेली पीएम-वाणी योजना किराणा दुकानदारालाही वायफाय विकू देते. 2025 मध्ये ट्रायने अशा दुकानदारांना मिळणाऱ्या जोडणीच्या दरावर मर्यादा घातली, त्यामुळे गणित जमण्याची शक्यता वाढली आहे.

मोठ्या कंपन्याही आता हाच मार्ग धरताहेत. सप्टेंबर 2023 मध्ये गणेश चतुर्थीला जिओने एअरफायबर सुरू केलं ते पुण्यासह आठ शहरांत, आणि जिथे 5जी पुरत नाही तिथे परवानामुक्त पट्ट्यातले रेडिओही वापरले, म्हणजे छोट्या सेवादारांचंच तंत्र. छोट्यांना त्याची धास्ती वाटणं साहजिक आहे, कारण मोकळ्या पट्ट्यात जो जास्त ओरडेल त्याचाच आवाज. उपग्रहाचंही आलं. नोव्हेंबर 2025 मध्ये राज्य सरकारने स्टारलिंकबरोबर इरादापत्र केलं, त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव हे आकांक्षित जिल्हे आधी. योग्यच आहे. पण पुणे जिल्हा अशा कुठल्याच यादीत बसत नाही. हिंजवडीची सरासरी ठाकरवाडीला भोवते.

सरासरीच्या या सापळ्यातून अमेरिका कशी सुटली, ते पाहण्यासारखं आहे. तिथे जनगणनेच्या एका गटात एका घराला सेवा देता येत असली तरी सगळा गट ‘सेवा असलेला’ धरत. एका छोट्या सेवादाराने तर आठ राज्यांतल्या प्रत्येक गटाला आपण सेवा देतो अशी माहिती भरली आणि ती नियामकाने तपासलीही नाही. एका नागरी संस्थेने चूक पकडली, तेव्हा सेवेविना असलेल्यांचा आकडा 1.94 कोटींवरून 2.13 कोटी करावा लागला. 2020 मध्ये कायदा झाला, नोव्हेंबर 2022 मध्ये घरनिहाय नकाशा आला आणि कुठल्याही नागरिकाला ‘माझ्या घराचा रंग चुकीचा आहे’ अशी हरकत घेता आली. 4,245 कोटी डॉलरचा ग्रामीण निधी त्या नकाशावरून वाटायचा ठरला. बिनतारी सेवादारांनाही नुसतं वर्तुळ काढून चालेना, टॉवर, उंची, अँटेना यांची माहिती देऊन गणित दाखवणं भाग पडलं. स्पेनमधल्या कॅटलोनियात 2004 पासून गुइफी नावाचं लोकांचं जाळं आहे. तिथे नकाशा लोकच भरतात. आपल्या छपराची जागा टाकली की कुणाचं छप्पर दिसतं ते कळतं, आणि तिथूनच जोडणी मिळते.

आपल्याकडे असा घरनिहाय पाया नाही असं वाटतं, पण तो अर्धा तयार आहे. गावठाणांची ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचा प्रयोग याच पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला. 2020 मध्ये त्याच धर्तीवर केंद्राची स्वामित्व योजना आली. घराघराची जागा त्यातून सरकारकडे आली आहे. तिच्यावर टॉवर, फायबरचं टोक आणि मोजलेला सिग्नल ठेवायचा, एवढंच उरतं. अडचण एकच. योजना गावठाणाची आहे. गावठाणाबाहेरच्या वाड्या पुन्हा नकाशाबाहेर राहणार. त्यांची टिंबं गावानेच टाकायला हवीत, कारण ती कुणाला माहीत आहेत तर गावालाच.

हा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारलं तर रेशन दुकानातल्या मशीनकडे बोट दाखवावं. अंगठा लागला, नेट गेलं, धान्य अडलं. ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला बांधावरूनच फोटो काढावा लागतो आणि तो वर चढवायला रेंजचं टेकाड शोधावं लागतं. लाडक्या बहिणीची ई-केवायसी ओटीपीवाचून अडते. सरकारने आपली कामं नेटवर नेली, तेव्हा नेट नसलेल्या घराची नोंद ठेवणं हेही सरकारचंच काम झालं.

म्हणून मावळातल्या सरपंचांना एक विनंती. 1 मेच्या ग्रामसभेत कंपन्यांचे आच्छादन नकाशे छापून भिंतीवर लावा आणि प्रत्येक वाडीतल्या एका माणसाला फोनच्या सेटिंगमध्ये दिसणारा डीबीएमचा आकडा अंगणात एकदा आणि घरात एकदा पाहून त्यावर लिहायला सांगा. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत, पानं भिजलेली असताना, तेच पुन्हा करा. दोन्ही कागदांवर ठराव घेऊन तहसीलदार, ट्राय आणि ज्याला खांबासाठी जागा द्यायची आहे त्या सेवादाराला एक-एक प्रत पाठवा. पोच घ्यायला विसरू नका.